पेपर शुक्रवारी होता

…नाही म्हणजे नाही, हेमांगी. चहा घे, खारी बुडवून खा, पंख्याखाली सरक हवं तर — पण फ्लॅटचं नाव काढू नको. चार काय, एकही नाही. रिकामे आहेत तर असू देत रिकामे, भिंतींना काही भूक लागत नाही. तुझ्या कॉलेजातल्या साहेबांना सांग, पुष्पाबाई म्हातारी झाली, जिने चढवत नाहीत तिला. आणि पाणी? नळाला कधी तिसऱ्या दिवशी येतं, कधी चौथ्या — परदेशातल्या पोरी, त्यांना दोन दोन वेळा आंघोळ लागते, कुठून आणू मी? हसू नको. हां, याच पाण्यावर याच बिल्डिंगीत अकरा पोरी राहून गेल्या, मीच सांगितलं होतं तुला, मीच मिरवत होते. बरं, पाणी राहू दे. शेजाऱ्यांचं लिही. शेजाऱ्यांना त्यांच्या स्वयंपाकाचा वास सहन होत नाही म्हणून लिही — काहीही लिही गं, रकाना भरायचाय ना तुला?

आधी कोण देत होतं त्यांना घर, सांग ना. तू तेव्हा नोकरीत नवीन होतीस, डोळ्यांत पाणी आणून माझ्यासमोर बसली होतीस — अक्का, आफ्रिकेतून दोन मुली आल्यात, तीन दिवस लॉजवर पडून आहेत, फोनवर सगळे हो म्हणतात आणि पोरी समोर उभ्या राहिल्या की फ्लॅट कालच गेला म्हणतात. मी म्हटलं, आण. पुण्यबिण्य काही नाही हं, माझेही फ्लॅट रिकामेच होते, आमचे हे गेल्यापासून बिल्डिंग माझ्याच गळ्यात. पण एकदा घ्यायचं म्हटलं की पुष्पाबाई अर्धवट करत नाही. ती सुदानची उंच पोरगी आठवते? अर्धी खाटेवर, पाय स्टुलावर! दुसऱ्याच दिवशी समोरच्या हनीफभाईकडून लांब गाद्या भरून घेतल्या, त्याच्या बायकोनं, आबेदानं, रात्रीतून खोळी शिवून दिल्या. प्रत्येक बटणाजवळ इंग्रजीत कागद चिकटवला — हा पंखा, हा गिझर, हे लाल दाबू नये. स्टेशनवर मी स्वतः जायची, पुठ्ठ्यावर नाव लिहून. पोरगी डब्यातून उतरायची, घाबरलेली, चार बॅगा, आणि त्या गर्दीत आपलं नाव लिहिलेलं दिसलं की तिचा जो चेहरा व्हायचा ना — सोड. आणि तो पोलिसांचा फॉर्म! परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत कम्प्युटरवर भरायचा — शिकलेसवरलेले लोक त्या फॉर्मला भिऊन भाडेकरू परत पाठवतात. मी एका बोटानं दाबत दाबत शिकले. पासपोर्टचा आकडा एकदाही चुकला नाही माझा. मग काय, एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. जाहिरात नाही, दलाल नाही. तिकडं टांझानियात लोक म्हणायचे म्हणे, जळगावला जातेस तर पुष्पाअक्काकडं राहा. धुळ्याहून एका कॉलेजची माणसं बघायला आली होती, बाई हे कसं करतात म्हणून. फोटो काढून नेले. मला वाटायचं, या कामातलं मला कळत नाही असं काही उरलेलं नाही.

कोण? रेहेमा? तिचं नाव तू काढलंस हं. मी नाही काढलं.

तिचं काय सांगू. समुद्राकाठच्या गावची, बाप लहानपणीच गेलेला, आई शाळेत शिकवायची. फार्मसीला होती. पहिल्या मे महिन्यात उन्हानं नाक फुटलं तिचं, मी डोक्यावर ओला टॉवेल धरून बसले होते दुपारभर. कळण्याची भाकरी थापायला शिकली — माझ्यापेक्षा गोल, खरंच. भरीत खाताना नाक गळायचं, डोळे गळायचे, तरी ताट पुढं. तिसऱ्या वर्षी तर वर नुसती झोपायला जायची, बाकी दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात, त्या तिथं, पाटावर बसून अभ्यास. मला आमची खेड्यातली बोली बोलायला लावायची आणि मागनं म्हणायची — काय करी राह्यनी, अक्का? ओ माय वं, अख्खी बिल्डिंग हसायची. मला मुलगी नाही, तुला माहीत आहे. म्हणजे नव्हती. नाही.

आता आमच्या घरात परीक्षेची एक पद्धत. माझ्या योगराजच्या वेळेपासून — टीव्हीची वायर काढून कपाटात, पाहुण्यांना येऊ नका म्हणायचं, आणि घरात कोणाला काही का होईना, पोराच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पेपर झाला की सांगायचं. तुमच्याकडं नाही का असं? सगळीकडं असंच असतं. रेहेमानं फोन स्वतःच्या हातानं दिला माझ्याकडं, देवाशपथ, मी मागितला नव्हता — म्हणजे म्हटलं होतं मी, फोन जवळ असला की डोकं लागत नाही अभ्यासात, दोनतीनदा म्हटलं होतं — पण दिला तिनं. रविवारी आईशी बोलली. आईला नुसता ताप होता तेव्हा. आता शुक्रवारी शेवटचा पेपर झाला की बोलते, असं सांगून तिनं फोन माझ्या हातात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी वाजला. मी डाळीला फोडणी देत होते, गॅस बंद केला, उचलला. चेहरे दिसणारा फोन. तिची धाकटी बहीण झुहुरा, दवाखान्यात, फोन असा वर धरून उभी. मागं खाटेवर आई. एवढीशी झालेली, नाकात नळी. झुहुरा भराभरा इंग्रजीत बोलत होती, मला काही कळलं नाही — खोटं कशाला बोलू, माले बठ्ठं समजनं, सगळं. प्लीज समजलं. वन मिनिट समजलं. आणि ती आई मागून रेहेमा, रेहेमा करत होती, त्याला काय भाषा लागते? रेहेमा वरच्या खोलीत होती गं. एक जिना. जिन्यात उभं राहून हाक मारली असती तर आली असती धावत. आणि मी काय केलं? म्हटलं, एक्झाम. फ्रायडे. आफ्टर. हातानं असं लिहून दाखवलं. ती बाई माझ्याकडं बघत राहिली, मग मान हलवली. थोडीशी हसलीसुद्धा, छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, बघ, शिक्षिका आहे, तिलाही पटलं. दोन वर्षं हेच सांगतेय मी स्वतःला, तिलाही पटलं, तिलाही पटलं. नाकात नळी असलेली बाई, हजारो मैलांवरून मुलीचा आवाज मागतेय, समोर एक परकी म्हातारी हातवारे करून नाही म्हणतेय — ती मान हलवणार नाही तर काय करणार होती?

बुधवारी रात्री गेली. गुरुवारी सकाळी झुहुराचा परत फोन, नुसती रडत होती, टेल रेहेमा, टेल रेहेमा. मी तशीच चपला न घालता समोर आबेदाकडं गेले. तिनं शिवण खाली ठेवलं. म्हणाली, "पुष्पाबाई, अब्भी के अब्भी बता दो बच्ची को. हमारे में मिट्टी को देर नहीं करते. फोन में ही सही, माँ का मुँह तो देख लेगी." मी म्हटलं, उद्या शेवटचा पेपर आहे, तीन वर्षांचं पाणी होईल, एका दिवसानं काय फरक पडतो. आबेदा माझ्याशी महिनाभर बोलली नाही. शुक्रवारी सकाळी रेहेमा निघाली तेव्हा मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली, नेहमीसारखी. तिनं चाटली, माझे हात धरले, म्हणाली, अक्का, संध्याकाळी आईला फोन करू, तूही बोल तिच्याशी. मी म्हटलं, हो. तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही मी. पेपरला उशीर होईल, नीघ म्हटलं.

हो, पास झाली. पहिल्या वर्गात. तू तेच म्हणणार ना, वर्ष वाचलं तिचं? सगळे म्हणाले. मीही म्हणत होते.

दुपारी आली, उड्या मारत. आधी जेवू घातलं — हो, आधी जेवू घातलं, उपाशी पोटी कसं सांगायचं म्हणून. मग सांगितलं. मला वाटलं ओरडेल, पडेल, मला मारेल. काही नाही. म्हणाली, कधी? मी म्हटलं, बुधवारी. मग फोन मागितला. कपाटातून काढून दिला. आणि त्यात असतं बघ, कोण कधी बोललं, किती बोललं — सोमवार, संध्याकाळी सहा, चार मिनिटं. मला ठाऊकच नव्हतं ते दिसतं म्हणून. ते मी सांगणारच नव्हते, हेमांगी. बुधवारचं सांगणार होते, सोमवारचं नाही. आबेदाला नाही सांगितलं, योगराजला नाही, कोणाला नाही — आता तुझ्यासमोर बोलून गेले. रेहेमानं ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग खरकटं ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासत बसली.

महिन्याभरानं हॉस्टेलवर गेली. जाताना फ्लॅट इतका धुऊन पुसून दिला की भांडायलासुद्धा एक डाग ठेवला नाही. पुढचं वर्षभर याच रस्त्यानं जायची. नमस्ते, अक्का. मी म्हणायची, ये गं, भरीत केलंय. थँक्यू, अक्का. बस. गेली तिच्या देशाला, जाताना भेटलीसुद्धा — पेढे घेऊन आली होती, उभ्या उभ्या. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हटलं काय, तर बॅगेचं वजन केलंस का? जळो माझं तोंड.

योगराज? त्याचं काय मध्येच? पुण्यात असतो. येतो… येतो की. मागच्या दिवाळीला नाही, त्याच्या मागच्याही नाही. कामं असतात त्याला. तू विचारलंस म्हणून सांगते — त्याचे वडील गेले तेव्हा त्याचा इंजिनिअरिंगचा पेपर होता. दोन दिवस दवाखान्यात होते हे. योग्याला बोलवा, योग्याला बोलवा. मी म्हटलं, परवा पेपर होऊ द्या. तो आला तेव्हा यांचं बोलणं गेलं होतं. त्यावरून एक शब्द बोलला नाही मला पोरगा. अकरा वर्षं झाली, एक शब्द नाही. मी चारचौघांत सांगायची, किती समजूतदार निघाला माझा योगराज. रेहेमानं ते ताट उचललं ना — तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, तो समजूतदारपणा नव्हता. आता कळून काय करू? दोन लेकरं घालवली मी, दोन्ही पास करून.

म्हणून नाही म्हणते. पाणी नाही, शेजारी नाहीत. आता कळलं ना? मग जा.

पिशवीतून काय काढतेस? यादी नको दाखवू मला. मी नावं वाचली की माझं मन — नको म्हटलं ना. चष्मा नाही माझ्याकडं. कोण? … परत सांग. … झुहुरा? ती कशी असेल, ती तर एवढीशी — दाखव फोटो. दाखव. … हीच. माय वं, हीच. हिनंच फोन धरला होता तेव्हा, हात वर करून करून दुखला असेल पोरीचा. हिला अख्ख्या जळगावात दुसरं घर दिसलं नाही? कोणी, हिनं मागितलं? माझं नाव घालून? … रेहेमानं लिहायला सांगितलं? तू आत आल्या आल्या का नाही सांगितलंस, मला एवढं बडबडू दिलंस?

खाली काय लिहिलंय, राहणाऱ्याच्या खास गरजा, तिथं? तिथं नमाजाला जागा, जेवण कसलं, असं लिहितात पोरी. हिनं काय लिहिलंय? वाच. मराठीत सांग, नीट. …

घरून फोन आला तर लगेच द्यावा. परीक्षा असली तरी.

परत वाच.

… आणखी काही? मागच्या बाजूला बघ. रेहेमानं माझ्यासाठी काही, दोन ओळी, अक्का म्हणून? नीट बघ गं. … नाही. बरं. बरोबर आहे तिचं.

लिही. दुसऱ्या मजल्यावरचा, रस्त्याकडच्या खिडकीचा, झुहुराला. स्टेशनवर जाईन मी, पुठ्ठा करीन. पण घरच्यांना द्यायला जो इकडचा नंबर लागतो ना, तिथं माझा टाकू नको. आबेदाचा टाक. माझ्या हातात फोन आला तर मी आधी विचारीन, पेपर कधी आहे. विचारीन गं, ओळखते मी मला. नाही, समजावू नको. ऊठ आता. आबेदाचा नंबर तिच्याकडूनच घे, आणि जाताना दार ओढून घे.