जिन्याची दोन बटणं

अप्पाराव : आजच्या दिवस ती बटणं राहू दे म्हणतो ना मी!

चारुता : आजोबा, अकराला शाळेत प्रदर्शन आहे. माझ्या पुठ्ठ्याच्या घराला जिना आहे. त्याला हीच जोडी लागते, दिवा खालून लावा, वरून बंद करा.

अप्पाराव : अन् आमच्या जिन्याला?

मोनाली : अप्पा, एक दिवस बॅटरी घेऊन चढू. गोकुळमामानंच मेन बंद करून काढून दिलीत, संध्याकाळी बसवून देईल.

अप्पाराव : उजेडाचं कुणाला पडलंय, सूनबाई? ती वर, मी खाली. बावीस दिवस झाले, तुझी सासू माझ्याशी त्या दिव्यावरच बोलते. दोनदा लावला की चहा. तीनदा, जेवण.

चारुता : आणि नुसतं चटचटचटचट केलं की?

अप्पाराव : ते पैठणचं असतं.

मोनाली : असणारच! बायकोला स्टँडवर विसरून एसटीत बसलात तुम्ही.

अप्पाराव : बिडकीनला ध्यानात आलं ना! तिथंच उतरलो.

मोनाली : पिशवी बरी विसरली नाही.

अप्पाराव : पिशवीत तिचीच साडी व्हती!

चारुता : आजोबा, बेलचं बटण देऊ? माझ्याकडं जास्तीचं आहे. दाबून धरलं तोवर वाजतं, सोडलं की गप. तुम्ही खालून वाजवायचं.

अप्पाराव : अन् तिनं उत्तर कसं द्यायचं?

चारुता : त्यात उत्तर नसतं. एकाच बाजूनं चालतं.

मोनाली : मग चाळीस वर्षं तेच बसवलेलं आहे की घरात.

अप्पाराव : लई बोलतेस सूनबाई. चारू, वरचं बटण तरी ठिवायचं. तिला वाटत असंल, आता मीच रुसलो.

चारुता : वरचं आजीनंच मामाला काढायला लावलं. स्टूलसुद्धा धरलं तिनं. म्हणाली, दोन्ही ने, परत आणायची घाई करू नको.

अप्पाराव : म्हंजे बोलणंच तोडलं का काय तिनं?

मोनाली : किंवा आता तोंडानं बोला म्हणत असतील.

अप्पाराव : तोंडानं काय बोलू? दिव्यावर सगळं जमतं मला.

चारुता : 'चुकलं'ला किती वेळा लावायचा असतो?

अप्पाराव : ते... ते ठरलंच नाय आमचं.

मोनाली : मग जा वर.

अप्पाराव : भर दिवसा काळोख असतो गं त्या जिन्यात. (पहिल्या पायरीवर पाय ठेवून) केसर... अगं केसर, येऊ का वर?

केसरबाई (वरून) : चौथ्या पायरीचा काठ तुटलाय. भिंतीला धरून या.