फादरांच्या अंगणातला गाऊन

दातांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीचा गाल सुजला होता, पण तोंड चालूच होतं.

"फादर आणि बायको! ऐकलंयस का कधी?"

"जाऊबाई, हे नवे फादर दुसऱ्या पंथातून आपल्या कॅथलिकांत आलेत, तिकडे फादरांना लग्न चालतं. लग्न आधीचंच आहे. रोमहून रीतसर परवानगी आहे त्यांना."

"असेल परवानगी. पण काल फादरांच्या अंगणात दोरीवर बाईचा गाऊन वाळत होता. मला बघवेना."

"मग काय, तिनं ओलाच घालायचा?"

"हस तू. उद्या मी पापकबुलीला गेले, तर माझी पापं रात्री त्या बाईच्या कानात जायची."

"तुमची पापं तुम्हीच सांगता की, भांडी घासता घासता. अख्ख्या आळीला पाठ आहेत."

"आणि रविवारी बघितलंस ना? प्रवचन लांबलं, तर तिनं पहिल्या बाकावरून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. फादर लगेच आमेन म्हणून मोकळे!"

"बरंच झालं. आधीच्या फादरांना आवरायला कुणीच नव्हतं."

"त्यांना नावं ठेवू नकोस. देवमाणूस होता. बायको नाही, पोर नाही, सगळा जीव आपल्यासाठी."

"नावं कुठे ठेवतेय? संध्याकाळी न्हाणीघरात पडले. आपल्याला कळलं कधी, तर सकाळची घंटा वाजली नाही तेव्हा."

"हाक मारली असेल गं त्यांनी."

"कुणाला, जाऊबाई?"