जिनिंग मिलच्या आवारातील जीपची शर्यत व चार चाकांची अदलाबदल

मी, सीमा उमाकांत कोळी, वय ४१ वर्षे, धंदा प्रवासी जीप चालविणे (मालकीणही मीच), राहणार प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार. आज ठाण्यात आपल्या पायांनी आले असून, कोणी शिकवल्यावरून नव्हे व कोणाच्या धाकाने तर मुळीच नव्हे, समक्ष सांगते की,

शहादा ते धडगाव रस्त्यावर आमच्या स्टँडच्या बारा जीपा प्रवासी वाहतूक करतात. बाराही एकाच मॉडेलच्या आहेत. स्टँडवर नंबराप्रमाणे जीप भरते. पहिल्या नंबरची जीप चहा संपायच्या आत भरून निघते. माझा नंबर सात वर्षांपासून शेवटचा आहे. शेवटचा नंबर म्हणजे अकरा जीपा भरून गेल्या की उरलेले दोन प्रवासी, एक बकरी आणि संध्याकाळ. माझे पती उमाकांत यांच्या डोळ्यांच्या त्रासामुळे जीप मी चालवायला घेतली, तेव्हा सर्वांनी मिळून ‘बाई शे, तिले घाई कसानी?’ असे म्हणून मला शेवटी बसवले. तेव्हापासून माझा राग आहे. तो मी कधी लपवलेला नाही.

दर वर्षी काठी गावच्या राजवाडी होळीच्या आधी आमच्या स्टँडची शर्यत होते. होळीला सगळा मुलूख घाट चढतो. शर्यत जिंकेल त्याला त्या होळीपासून वर्षभर पहिला नंबर, असा आमचा रिवाज आहे. स्टँडचे अध्यक्ष करणसिंग गिरासे, वय ६६, हे पंच असतात. त्यांनी गाडी सोडली आहे, पण स्टँड सोडलेला नाही.

एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यतीत काय मजा, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मजा त्यातच आहे. मागे सुरतेकडून एक लाल, ठेंगणी, महागडी गाडी आमच्या रस्त्याला आली होती. आवाज असा की कोंबड्यांनी अंडी देणे थांबवले. ती गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून बसली व आम्ही सहा जणांनी ती उचलून बाजूला ठेवली. तशी गाडी जिंकली तर ती गाडी जिंकली, चालवणारा नव्हे. आमच्यात तसे नाही. इंजिन तेच, गिअर तेच. हरणाऱ्याला तोंड लपवायला बोनेट उरत नाही. फक्त टायर ज्याने त्याने आपल्या पसंतीचे घालावेत, एवढीच सूट आहे.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सर्व जीपा शहाद्याजवळच्या बंद जिनिंग मिलच्या आवारात, जिथे शर्यत होते तिथेच, आणून लावतात, म्हणजे कोणी गुपचूप काही बदल करू नये. फाटकाला कुलूप असते व किल्ली करणसिंगकाका उशाखाली घेऊन झोपतात. फाटकाच्या बाजूची भिंत पडलेली आहे, हे सर्वांना माहीत आहे. काकांनाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नारळ फोडला. नारळ फुटल्यावर कोणी जीपला हात लावायचा नाही, फक्त चालवायची, असा नियम आहे. मी जीपमध्ये बसायला गेले तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझी चारही चाके माझी नाहीत. मी होळीच्या घाटासाठी नवे, खोल नक्षीचे टायर घातले होते व प्रत्येक चाकाला उमाकांतांनी हळदीचे बोट लावले होते. आता माझ्या जीपला अर्धे झिजलेले टायर होते आणि हळदीची बोटे शेजारच्या जीपला होती, ती जीप वाहरू पावरा, राहणार धडगाव, यांची. मॉडेल एकच असल्याने नट-बोल्टही तंतोतंत बसतात. एका मॉडेलचा हा आणखी एक फायदा, चोरासाठी.

त्याच वेळी आरडाओरड का केली नाही, असे विचारल्यावरून सांगते की, नारळ फुटला होता. शिवाय मला हसू आले होते. वाहरू डोंगरातला ड्रायव्हर आहे, फार चांगला आहे. त्याचा जन्म मुरूम, चिखल आणि सुट्या दगडांवर गेला. टायरची नक्षी जितकी खोल तितका टायर चांगला, हे त्याच्या हाडात बसले आहे आणि घाटात ते खरेही आहे. पण मिलच्या आवारात सिमेंटचा कोबा आहे. कोरड्या, कडक जमिनीवर खोल नक्षीचा टायर नुसता आपल्या दातांवर उभा राहतो आणि वळणावर ते दात वाकतात. झिजलेल्या टायरचे जास्त रबर जमिनीला लागते, तो धरून ठेवतो. माझे टायर घाटासाठी होते, शर्यतीसाठी माझ्याकडे दुसरे नव्हते. आदल्या दिवसापासून मी त्याच काळजीत होते. वाहरूने माझी काळजी आपल्या हाताने काढून नेली. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, पण याने चांदणे माझ्या दारात आणून ठेवले.

शर्यतीला परवानगी होती का, असे साहेबांनी विचारले. नारळ होता.

बाकीचे मागे पडून शेवटी वाहरू व मी असे दोघेच पुढे राहिलो. प्रत्येक वळणावर तो रुंद जात होता आणि टायर ओरडत होते. मी आतून निघाले. मी जिंकले. काकांनी माझे नाव पुकारले तेव्हा मला रडू आले, ते मी तेलाच्या फडक्याने पुसले व तोंड काळे झाले. त्यावरूनही लोक हसले. हसू देत, पहिला नंबर माझा होता.

त्यानंतर धडगाव स्टँडवर सर्वांसमोर वाहरू म्हणाला, “तिनी गाडीले टायर मन्हा व्हतात. टायर जिकनात म्हनजे मी जिकनू. पयला नंबर मन्हा.” मी म्हणाले, “मंग तू चोरी कबूल करस का?” तो म्हणाला, “चोरी नही, बदली शे. मोठा मोठा साहेब लोकसनी बदली व्हस, टायरनी का नही?” यावर सर्व ड्रायव्हर हसले व निम्मे त्याच्या बाजूचे झाले. त्यांच्यापुढे प्रश्न असा पडला की टायर जिंकले की बाई जिंकली. टायर जिंकले असे म्हणणे त्यांना सोपे गेले. मला त्याचे वाईट वाटले, फार वाईट वाटले, असे लिहावे.

करणसिंगकाकांनी निकाल राखून ठेवला व आम्हाला पोलिसांत जाण्यास सांगितले. पहिल्या नंबरासाठी तक्रार वाहरू देणार होता. घाटावरच्या धडगाव ठाण्यात गेलो असता, चाके मिलच्या आवारात बदलली म्हणजे हद्द घाटाखालच्या शहाद्याची, असे सांगण्यात आले. ते बरोबर आहे. चाके पुरावा असल्याने काढायची नाहीत, असे काकांनी बजावले होते.

मग निघायच्या वेळी वाहरू माझ्या जीपपुढे आडवा उभा राहिला. “मन्हा टायरवर ती आते एक फेरा बी मारावं नही. जठे मन्हा टायर, तठे मी.” मी म्हणाले, मग माझे टायरही तुझ्याबरोबर जाणार नाहीत. चाके काढता येत नव्हती. म्हणून ज्याचे टायर त्याने ती जीप न्यावी असे ठरले. तो माझ्या जीपमध्ये बसला, मी त्याच्या. निघताना मी त्याला सांगितले की टायर झिजलेले आहेत, गिअरवर उतर, ब्रेकवर उतरू नको. तो म्हणाला, “माले नको शिकाडू.”

माझ्या मागच्या सीटवर मोगराबाई, राहणार धडगाव, वय माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही, ह्या गावठी अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी ठाण्यात पोहोचले तेव्हा वाहरूचा पत्ता नव्हता. तो माझ्याआधी निघाला होता. घाटात एका वळणावर त्याने मला वाट दिली की मी घेतली, याबद्दल आमचे मत वेगळे असू शकते. माझा वेग किती होता असे विचारल्यावरून सांगते की, एकही अंडे फुटलेले नाही. साहेबांनी टोपली स्वतः पाहिली आहे व दोन अंडी रीतसर पैसे देऊन विकत घेतली आहेत.

तक्रार त्याची आणि जबाब आधी माझा का, याचे कारण एवढेच आहे.

वरील मजकूर लिहिणे चालू असताना वाहरू आला. तो सुखरूप दिसल्यावर माझ्या जिवात जीव आला, तेही लिहावे. हवालदारांनी बाहेर जाऊन चारही टायर पाहिले. हवा बरोबर होती, पंक्चर नव्हते. जिंकणारे टायर त्याच्याकडेच होते. त्याला बसायला सांगितले तर तो बसला नाही. तो आपला उजवा हात डाव्या हाताने चोळत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, “ताई, तुन्ही गाडी डावाकडे वढस. सारा घाट वढस. इतला वरीस तू हाई गाडी कशी चालाडी?”

मी म्हणाले, “चालाडी.”

“कधी सांगं नही?”

“कोन्ही इचारं नही.”

बाईने आपल्या गाडीला नाव ठेवले की नाचता येईना अंगण वाकडे असे म्हणायला अकरा जण टपलेले असतात, म्हणून सात वर्षे मी गप्प होते. त्यानंतर वाहरूने साहेबांकडे आपली तक्रार परत मागितली. ती अजून लिहिलेलीच नसल्याने परत देता आली नाही. मग त्याने साहेबांच्या टेबलावरून करणसिंगकाकांना फोन लावला व मोठ्याने सांगितले, “काका, पयला नंबर सीमाताईना. मी सांगी ऱ्हायनू, वाहरू.” माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. माझी चाके मला परत मिळावीत, घाटासाठी हवी आहेत.

हा माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला व मोगराबाईंनी मध्ये मध्ये हसून तो ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून खरा आहे. त्यातील ‘गाडी डावीकडे ओढते’ हे वाक्य तेवढे माझे नाही, वाहरूचे आहे. खोडू नये, राहू द्यावे.

समक्ष,
सही/-
सीमा उमाकांत कोळी