खोलीचं मिनिट

— अहो तिथं नको, तिथं अंधार आहे, इकडं दिव्याखाली बसा, तोंड माझ्याकडं करून — हां, असं. खोड आहे माझी, समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही. दार राहू दे लावलेलं, या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही, तशी बांधलीच आहे ती. तर काय म्हणत होता तुम्ही? सिनेमाच्या चौथ्या भागात आवाज आहे? बाई, चौथ्या भागात आवाज नाहीच! तुमचाच हुकूम होता — तुमच्या नायिकेचे कान जातात, ती जिन्यात उभी राहते, मागून तो मेलेला माणूस एकेक पायरी चढत वर येतो, तिला काही ऐकू येत नाही, म्हणून बघणाऱ्यालाही काही ऐकू यायचं नाही. चाळीस सेकंद शांतता. मी दिली. आता शांततेतही लोकांना आवाज यायला लागले तर मी काय करू, डोकं आपटून घेऊ भिंतीवर?

माहितीय हो मला, काय झालं ते, सगळ्या स्टुडिओत दुसरा विषय नाहीये. पंधरा माणसं बोलावलीत तुम्ही सिनेमा दाखवायला, आणि चौथ्या भागात पंधराच्या पंधरा थिजली. चाळीस सेकंद संपले, पुढचा भाग सुरू झाला, तरी कुणी हलेना, कुणी श्वास घेईना. कॅमेरावाल्याच्या दोन्ही कानांतून रक्त, कॉलर भिजून लाल. संकलन करणाऱ्या ताईंनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरलेला की तीन नखं उपटून निघाली, आणि तोंडातून हूं की चूं नाही. तुम्ही बाहेर फोनवर होता म्हणून वाचलात. आत येऊन मशीन बंद केलंत तरी सुटेनात, तेव्हा ओरडलात — 'बाबा, झालं, संपलं, उठा!' — आणि मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. तुमचे वडील मात्र तोंडावर पडले. कसे आहेत? अजून शुद्ध नाही? अरेरे. ... नाही, वाईट वाटतंय मला, खरंच वाटतंय. तुम्ही 'झालं' म्हणून ओरडलात हे कुणीतरी मला सांगितलं ना, तेव्हा मी इथं, या फळ्यांवर, मटकन खाली बसलो.

का ते सांगतो, घाई करू नका. आमचं काम ठाऊक आहे ना तुम्हाला? पडद्यावरचा माणूस चालतो तो मी. नट चालतो तेव्हा त्याच्या पावलांचा नीट आवाज मिळत नाही, मग नंतर मी इथं, चित्राकडं बघत, तसलेच बूट घालून या फळ्यांवर चालतो. राणी मी, हवालदार मी, नऊ महिन्यांची गरोदर बाई मी! आणि मारामाऱ्या दादाच्या. माझा थोरला भाऊ. नावानं आम्हाला कुणी ओळखतच नाही, तो थोरले आणि मी धाकटे — साठी उलटली तरी धाकटेच. दादा लहानपणी शिडीवरून पडला होता, डावा पाय घासत चालायचा, म्हणून पावलं माझ्या वाट्याला आली. त्याच्याकडून करून घेतली असती तर आजवरचे सगळे नायक लंगडले असते! पण हाणामारी करावी ती त्यानंच. ओल्या चामड्यात गाजर गुंडाळून पिळलं की पडद्यावर मनगट मोडतं. कोबीच्या गड्ड्यावर लाकडी हातोडा घातला की कवटी फुटते. थेटरात बाया किंचाळायच्या आणि हा तोच कोबी घरी नेऊन शिजवायचा. हसा की, हसण्यासारखंच आहे.

तर त्याचा एक नियम होता. काम संपलं की खोलीचं मिनिट घ्यायचं. म्हणजे टेप चालू ठेवायची आणि एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वास पोटात. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो बाई, प्रत्येक खोलीचा वेगळा, आणि सिनेमात शांतता दाखवायची तर तो घालावा लागतो, नाहीतर कानाला भोक पडल्यासारखं लागतं. मिनिट भरलं की मशीनपाशी जो असेल त्यानं म्हणायचं — 'झालं'. मग हलायचं. आधी हललात तर दादाची थप्पड. मला एकदा मिनिटात गांधीलमाशी चावली, इथं, मानेवर, मी ढिम्म उभा. आणि दादा? त्याच्या पायावर उकळतं पाणी सांडलं एकदा. कातडी सोलून निघताना मी बघत होतो, पण गडी उभा! मी 'झालं' म्हटलं आणि मग बोंबलला. असला माणूस. मी मशीनपाशी असलो की तो माझ्या तोंडाकडं बघत राहायचा — मी म्हणेपर्यंत.

तुमच्या चौथ्या भागात मी तसलंच एक मिनिट घातलंय. त्याच्या टेपचे शेवटचे चाळीस सेकंद. याच खोलीचं — अकरा वर्षांपूर्वीचं. दादा गेला त्या दिवशीचं. ... हो, रॅक अंगावर पडून गेला, तो लोखंडी, तुमच्या मागचा, आता भिंतीत ठोकून घेतलाय. थांबा, टेपच दाखवतो, इथंच कुठंतरी खालच्या फळीवर — हे बूट कुणी ठेवले इथं — ही बघा, सापडली, म्हणजे उगाच माझ्यावर — काय झालं? असं काय बघताय? हाक मारलीत? कधी, मी वाकलो होतो तेव्हा? किती वेळा? ... तीनदा.

बरं. बसा. कळलंच आहे तर कळू दे. नाही येत ऐकू. अजिबात नाही, तुम्ही इथं तोफ डागलीत तरी नाही. फळ्या माझ्या तळपायांना सांगतात, टेबल तळहातांना सांगतं, आणि राहिलेलं तो मीटरचा काटा सांगतो. आवाज असला की काटा उठतो. अकरा वर्षं या तिघांच्या जिवावर काम केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुमचे ओठ वाचतो मी, म्हणून दिव्याखाली बसवलं. खोड कसली डोंबलाची.

कान कसे गेले? थपडांनी. पोरगं बापाची थप्पड खातं असा प्रसंग असला की दादा म्हणायचा, चामड्याची थप्पड खोटी वाटते, ये इकडं, तोंड पुढं कर. मी करायचो. थोरला भाऊ, आईबाप गेल्यावर वाढवलेलं त्यानं — करायचो. एकदा तेवीस वेळा मारलं, तेव्हा डावा कान फुटला, महिनाभर उशीवर पू. पुढं किती वर्षं एका कानावर काढली. आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा म्हणाला, तोंड पुढं कर. मी हात जोडले हो त्याला! म्हटलं, दादा, एकच उरलाय, हा राहू दे, माझं पोट आहे त्यावर. तर म्हणतो, 'टेप चालू आहे, बडबडू नको.' आणि मारली. उजव्या कानावर. डोक्यात भोंगा वाजला, मग तो भोंगाही लांब लांब गेला, आणि मग काही नाही. दादाचं तोंड हलताना दिसत होतं — बहुतेक 'अजून एक' म्हणत होता. टेबलावर कोबी होता. शेजारी हातोडा.

तुमच्या तिसऱ्या भागात तो मेलेला माणूस सात घाव घालतो, त्यावर तुम्ही किती खूश झालात! 'धाकटे, अंगावर काटा आला' म्हणालात. सगळेच म्हणतात. किती सिनेमांना दिले मी ते सात, मोजदाद नाही. बाई, त्यात कोबी नव्हता.

— कुठं निघालात? बसा म्हटलं ना! दार जड आहे, तुम्हाला एकटीला पटकन उघडणार नाही. तुम्हाला नाही मारणार मी, वेडबिड लागलंय का. ऐका तरी पूर्ण. पहिल्या घावाला त्यानं हात वर केला, तो हात मोडला. दुसऱ्याला गुडघ्यावर आला. पुढचे मला नीट आठवत नाहीत, पण काटा आठवतो — प्रत्येक घावाला पार शेवटाला जाऊन आपटायचा. माझ्या चष्म्यावर, मशीनवर, छतावरसुद्धा रक्त. आणि मग मी काय केलं असेल? मी खोलीचं मिनिट घेतलं! सवय हो, चाळीस वर्षांची सवय. हातात हातोडा धरून घड्याळाकडं बघत उभा राहिलो. साठ सेकंद काटा पडून होता. आणि मिनिट भरल्यावर थरथरला. जरासाच. मला वाटलं माझा श्वास असेल. 'झालं' म्हटलं नाही मी — कुणाला म्हणायचं? मशीन बंद केलं, दार ओढलं, बाहेरून कडी घातली. सकाळी येऊन छतापर्यंतचं रक्त पुसलं आणि रॅक पाडला त्याच्यावर. डॉक्टर आले, काहीबाही बोलत होते, मी त्यांच्या बुटांकडं बघत राहिलो, ओठांकडं बघायची छाती झाली नाही. पण कागदावर लिहिलेलं वाचावं लागलंच — मृत्यू पहाटेचा. मी कडी घातली होती दुपारी चारला.

म्हणजे तो थरथरलेला काटा दादाचा होता. तो काहीतरी म्हणाला. काय म्हणाला, बाई? शिव्या दिल्या? पाणी मागितलं? मी कुणाला ती टेप ऐकवू शकत नव्हतो, आणि मला तर — म्हणून तुमच्या सिनेमात घातली. वाटलं, कुणीतरी ऐकेल आणि मला येऊन सांगेल. माणसांचं असं होईल हे नव्हतं ठाऊक, शपथ घेऊन सांगतो, नव्हतं ठाऊक. हा हेडफोन घ्या. घ्या हो! तुमच्या वडिलांना काय ऐकू आलं ते तुम्हाला नको कळायला? त्यांना सोडवायचं तर ते कळलंच पाहिजे. मी इथंच आहे, बटणावर हात ठेवून. श्वास अडकला तर लगेच 'झालं' म्हणतो — तिथं तुमच्या एका शब्दानं चौदा सुटली, तुम्ही तर एकट्या आहात. शहाणी माझी बाई. लावा.

लावलंत? तेच चाळीस सेकंद सुरू करतो. दहा. वीस. काही नाही ना अजून? तीस — अहो पापणी तर मिटा. चाळीस. काटा उठला. उठला! काय म्हणतोय? बाई? ... हे बघा, बंद केलं मी मशीन. चाक थांबलंय. सोडा श्वास. काढा तो हेडफोन — हात किती गार पडलेत तुमचे — नाकातून रक्त येतंय, पोरी, श्वास घे! ... ओठ हलतायत. सावकाश. माझ्याकडं बघून, सावकाश, पुन्हा म्हण — 'धाकट्या.' तू मला धाकट्या कशी म्हणशील? मला धाकट्या म्हणणारा एकच — 'धाकट्या, झालं का मिनिट? हलू का आता?'

अरे देवा. दादा. तू मिनिट धरून पडला होतास? डोकं फुटलेलं, हात मोडलेला, आणि टेप चालू आहे म्हणून हूं नाही केलंस? मला वाटलं मेलास! आणि मी कडी घातल्यावरही — बारा तास — मी म्हणेन म्हणून? अरे, एकदा मला शिवी तरी घालायचीस! ... निळी पडतेय ही. नखं निळी पडतायत. पुन्हा तेच विचारतोय हिच्या तोंडानं, हलू का, हलू का. माझ्याच तोंडून हवंय त्याला ते; हो म्हटलं तर तो उठेल, मला माहितीय. नाही म्हटलं तर ही जाईल माझ्यासमोर, आणि तिचा बापही, आणि मी परत काट्याकडं बघत बसेन.

झालं, दादा. झालं रे. हल.

— हां! घ्या श्वास, घ्या, मोठा, खोका, काही होत नाही. रक्त पुसा, हा रुमाल. उठता येतंय? उठा मग, बसू नका. तुमच्या बाबांपाशी जा, ते शुद्धीवर येतील बघा, त्यांनाही आता कुणी धरून ठेवलेलं नाही. हे दार धरतो मी, निघा. मागं काय बघताय? बघू नका. मला बघायची गरज नाही, फळ्या सांगतायत मला — एक पाय पडतोय, एक घासतोय. एक पडतोय, एक घासतोय. टेबलावरचा हातोडा जागेवर नाहीये, तेही दिसलंय मला. जा तुम्ही. जा म्हटलं ना! दार ओढून घ्या आणि कडी बाहेरून घाला. आणि घाबरू नका, या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही.