मंद पेशी आणि क तुकडी

सन्माननीय अध्यक्ष हिलालआप्पा, संस्थेचे सचिव नवनीतभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि मला विज्ञान शिकवणारे जालमसिंग गिरासे सर, प्रकाशा आणि आसपासच्या गावांतून आलेले पालक, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बालमित्रांनो,

सरांच्या निरोपाला बोलायला तुम्ही मला पुण्याहून बोलावलंत, शाल दिलीत, नारळ दिलात. मनापासून आभारी आहे. चार गोड वाक्यं मी गाडीत लिहूनही आणली होती. ती आता पर्समध्येच राहू देत. कारण मघाशी प्रास्ताविकात नवनीतभाऊंनी एक घोषणा केली, आणि तिला माझं नाव चिकटवलं.

त्यांनी सांगितलं, चाचणीत मागे पडलेली आठवीची क तुकडी सोमवारपासून प्रयोगशाळेत जाणार नाही. कार्यक्रम संपला की सर चावी कार्यालयात देतील, आणि ती फक्त अ आणि ब तुकड्यांसाठी निघेल. वर म्हणाले, "आपल्या चेतनाताईंनीच सिद्ध केलंय, मंद पेशी सुरुवातीलाच वेगळ्या काढतात." टाळ्याही पडल्या. भाऊ, टाळ्या तुमच्या; पण संशोधन माझं आहे ना? मग ते अर्धंच का वाचलंत?

उरलेलं अर्धं मी सांगते. उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भातून आम्ही मूळपेशी घेतो. त्यांच्यातून पुढे हृदय, कातडी, मज्जातंतू, काहीही घडू शकतं. एकाच पेशीची ही सगळी लेकरं, एका बशीत वाढलेली, एकच खुराक खाणारी. त्यांचं मूळपण सांभाळणारं एक प्रथिन असतं, त्याला आम्ही चमक जोडली. पाहतो तर काय, काही पेशी लखलखीत, काही मंद. हो, मंद पेशी मी वेगळ्या काढल्या. पण फेकल्या नाहीत, भाऊ! त्यांना तोच खुराक दिला. काही दिवसांनी त्या मंदांच्या बशीत लखलखीत पेशी दिसू लागल्या, आणि लखलखीतांच्या बशीत मंद. ती चमक पेशीची जात नव्हती, त्या घडीची अवस्था होती.

आणि मंद म्हणजे कमी असंही नाही. मंद असताना पेशी हृदय किंवा कातडी होण्याकडे वळायला तयार असते. नेमकी त्याच वेळी बाहेरून जी खूण मिळेल, तिकडे ती वळते, आणि एकदा पुरती वळली की सहसा माघारी येत नाही. म्हणजे तुम्ही मुलांना निवडत नाही आहात. ती डळमळत असताना त्यांच्या तोंडावर दार लावून तुम्ही त्यांना घडवता आहात. पुढे म्हणाल, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं? याला विज्ञान म्हणता? माझ्या नावावर? मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आज सकाळी सर मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे एक मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "मॅडम, अंडामा पहिले सब एकसारखंच ऱ्हास ना? मंग डोया कोठे, पाय कोठे, हाई कोन ठरावस?" अहो, अंड्यात आधी सगळं सारखंच असतं, मग डोळा कुठे, पाय कुठे हे कोण ठरवतं, याच एका प्रश्नावर माझी प्रयोगशाळा चालते! मी नाव विचारलं. रिम्शा. तुकडी विचारली, तर म्हणाली, क. सोमवारपासून तिनं हा प्रश्न कुठे विचारायचा, हे नवनीतभाऊंनी सांगावं.

मंद पेशी पुन्हा चमकल्या तेव्हा मी आनंदानं सरांना फोन केला होता. सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले, "बेटा, मंग त्यामा नवं काय शे? मी ते रोज वर्गमा देखस." हसू नका. चाचणीत कोण कितवं आलं हे न विचारता ज्यांनी सगळ्यांना त्या एका सूक्ष्मदर्शकापुढे उभं केलं, त्यांच्याच निरोपाच्या दिवशी, त्यांच्याच हातून ही चावी काढून घेता?

हिलालआप्पा, तुम्ही पपईवाले. पूर्वी तुम्ही एकाच खड्ड्यात जास्तीची रोपं लावायचात, कारण फूल दिसेपर्यंत फळ न देणारं नराचं रोप ओळखू येत नाही. फुलाआधी कोणी सालदार गडी रोप उपटू लागला असता, तर तुम्ही त्याला बांधावरूनच शिव्या घातल्या असत्या. पोरं काय पपईपेक्षा स्वस्त आहेत? निर्णय रद्द करण्याचा अधिकार अध्यक्षांचा, म्हणजे तुमचा आहे. शेवटचं भाषणही तुमचंच आहे. तोवर ही शाल मी घडी करून इथे टेबलावर ठेवते. ती सन्मानानं खांद्यावर घ्यायची माझी फार इच्छा आहे.

मला बोलावल्याबद्दल आणि इतकं कडू ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. पाहुणी म्हणून येऊन यजमानांना बोल लावले, लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याबद्दल थोरांनी मला लेक समजून क्षमा करावी. मात्र क तुकडीसाठी बोलले त्याची क्षमा मी मागत नाही.

आणि सर, चावी अजून खिशातच ठेवा. आप्पांचं भाषण व्हायचं आहे.