रुखसानाचा एक सूर

चहा घ्या, सांगतो. लातुरात क्लासेस वाढले तवा आमच्या माडीवर कंधारची रुखसाना भाड्यानं राहायची. डॉक्टरकीचा अभ्यास करायची अन् संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. एक दिवस आमची बायको वैतागली. "पोरी, हे वाजवणं बंद कर, न्हाई तर दुसरी खोली बघ."

रुखसाना गिटार अन् स्पीकर घेऊन खाली आमच्या स्वयंपाकघरात आली. "काकू, मी वाजवते त्या इंग्रजी गाण्यात एकच सूर हाय, त्याच्यापायी मी गिटार शिकले. तेवढा ऐका, मग जाते."

तिनं तार बोटानं ओढून धरली. सूर रडल्यावानी वर चढला अन् तिथंच थांबला. मांडणीवरची भांडी थरथरू लागली. आम्ही भूकंप सोसलेली माणसं! बायको "भूकंप, भूकंप" करत थेट गल्लीत.

"अहो, बाहेर या! मरायचंय का?"

"थांब की जरा," मी म्हणालो, "सूर तर संपू दे."

पण गल्लीत काहीच हलत नव्हतं. बायको उंबऱ्यापाशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग आत आली, पदरानं डोळे पुसले, मांडणीवरची समदी भांडी खाली उतरवली अन् म्हणाली, "हं, आता वाजव."