परतीचं तिकीट

ग्लासगो विमानतळावर चेक-इनच्या रांगेत सुनेत्राबाईंच्या पुढेच एक गृहस्थ मुलीला सोडायला आले होते. मराठी कानावर पडलं आणि सुनेत्राबाई फोन ठेवून ऐकू लागल्या.

"रेवा, वन-वे तिकिटावर टोरंटोत घेतील तुला?"

"बाबा, माझी जन्म तिथे झाली."

"माझा जन्म. झाला."

"तेच. ब्रिटिश आणि कनेडियन, दोन्ही पासपोर्ट आहेत. घ्यावंच लागतं त्यांना."

"आणि रिटर्न तिकीट मागितलं तर?"

"सिटिझनकडे कोण मागणार?"

"मी मागतोय."

रेवानं फोन काढला.

"ओके. ख्रिसमसचं बघू?"

"दिवाळीचं बघ."

"बाबा, रांग पुढे गेली. लोक थांबलेत मागे."

"थांबतो आम्ही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "दिवाळीचंच बघ गं."